साडेतीन हजार नळ

नकाशाबाईचं पहिलं काम खऱ्या पाण्याच्या नळांचं. पाणीपुरवठा खात्यात खिडकीजवळच्या टेबलावर बसून ती जमिनीखालच्या पाइपांचे नकाशे काढायची. कुठल्या गल्लीत किती इंची पाइप, कुठे वळण, कुठे चावी, सगळं कागदावर. बाविसाव्या वर्षी तिचा हात असा बसला होता की पट्टीशिवाय ओढलेली रेघही कुणी पट्टीचीच समजावी. पण त्या खात्यात नकाशाकडे बघायचं कोण? पाइप फुटला की लोक आधी खणायचे आणि मग नकाशा मागायचे.

जाहिरात तिच्या दादाने पाहिली. गावाबाहेरच्या एका कारखान्याला ‘स्वच्छ हाताची आणि न कंटाळणारी’ नकाशाकार हवी होती. कारखाना टेबलावर ठेवायची गणकयंत्रं बनवायचा.

“यंत्राच्या कारखान्यात नकाशा कशाला लागतो?” तिने विचारलं.

“जाऊन तर ये. नाही म्हणाले तर पाइप कुठे पळून चाललेत?” दादा म्हणाला.

तिथल्या मुख्य इंजिनिअरांना सगळे नुसतं ‘साहेब’ म्हणायचे. त्यांनी मुलाखत अशी घेतलीच नाही. निळ्या-तांबड्या रेघांनी भरलेला एक कागद पुढे ठेवला आणि म्हणाले, “हे जसंच्या तसं काढा. घाई नाही.” दोन तास ती मान खाली घालून बसली. मग मान वर केली.

“साहेब, एक विचारू? हा पाइप कुठेच जात नाही.”

“कुठला पाइप?”

तिने एका निळ्या रेघेवर पेन्सिल टेकवली. साहेबांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला, पुन्हा खाली ठेवला. ती चूक होती. त्याआधी तीन इंजिनिअरांच्या नजरेखालून ती रेघ गेली होती.

“उद्यापासून या,” साहेब म्हणाले.

“पण हे आहे कसलं ते तरी सांगा.”

साहेबांना सांगायला आवडायचं. ते म्हणाले, तुम्ही पाइप म्हणालात ते काही चुकलं नाही. इथे पाण्याऐवजी वीज वाहते एवढंच. हा नळ बघा, ह्याला आम्ही ट्रान्झिस्टर म्हणतो. पण ह्याची तोटी माणूस फिरवत नाही, दुसऱ्या पाइपातली वीज फिरवते. तिथे वीज आली की इथला नळ उघडला, तिथे गेली की बंद. आता दोन नळ एकामागे एक बसवा. दोन्ही उघडे असतील तरच पलीकडे वीज पोचेल. तेच शेजारी शेजारी बसवा, मग कुठलाही एक उघडा पुरे. ‘दोन्ही’ आणि ‘कुठलाही एक’ एवढं जमलं की त्यातून बेरीज जमते, बेरीज जमली की बाकीचं हळूहळू जमतंच. सगळ्यांना मिळून एक ठेका दिलेला असतो. प्रत्येक ठेक्याला सगळे नळ मिळून एक पाऊल पुढे. एक हुकूम आणायचा, तो काय म्हणतोय ते बघायचं, तेवढं करायचं, पुढचा हुकूम आणायचा. याला प्रोसेसर म्हणतात.

“एवढंच?”

“एवढंच. फक्त सेकंदाला काही लाख वेळा.”

असे साडेतीन हजार नळ करंगळीच्या नखाएवढ्या चकतीवर बसवायचे होते आणि त्यांचा नकाशा पाचशे पट मोठा करून हाताने काढायचा होता. घरी जाऊन तिने दादाला सांगितलं, “माझी बदली झाली. जमिनीखालच्या नळांवरून नखावरच्या नळांवर.”

तिचं टेबल दोन पलंग जोडल्याएवढं होतं. काच पांढरी, आतून दिवे लावलेले. ती रंगीत पेन्सिलींनी थर काढायची, दर थराला वेगळा रंग. मग तो नकाशा पलीकडच्या बाईकडे जायचा. त्या बाईकडे पारदर्शक तक्ते असायचे, वर लाल पातळ पापुद्रा चढवलेले. नकाशावर तक्ता ठेवून ती धारदार सुरीने फक्त पापुद्रा कापायची, खालच्या तक्त्याला ओरखडासुद्धा न येऊ देता, आणि नको तो तुकडा चिमट्याने उचलून टाकायची. एका थराला एक तक्ता. पुढे त्या तक्त्यांचे फोटो काढून ते लहान, आणखी लहान करत नखाएवढे व्हायचे आणि चकतीवर छापले जायचे.

कापणाऱ्या बाईला सगळे ‘कात्री’ म्हणायचे. सुरी वापरणारीला कात्री का, असं नव्या माणसाने विचारलं की उत्तर मिळायचं, “पाच मिनिटं थांबा, कळेल.” तिची जीभ कात्रीसारखी चालायची, म्हणून. वडील जोड्यांचं चामडं कापायचे, तो हात लेकीकडे आला होता. “बाबा चामडं कापतात, मी उजेड कापते,” ती म्हणायची. नकाशाबाईपेक्षा तीन वर्षांनी मोठी, पण पहिल्याच दिवशी तिने बजावलं, “मला ताई म्हणशील तर रेघेवरून सुरी घसरेल हां. अगं-तुगंच बरं.”

तपासणी दोघी मिळून करायच्या. पायातलं काढून, मोजे घालून दोघी त्या उजेडाच्या टेबलावर चढायच्या आणि गुडघ्यांवर रांगत इकडून तिकडे जायच्या. नकाशाबाई कागदावरून मोठ्याने वाचायची, “सत्तेचाळीस, खाली तीन, उजवीकडे वळ,” आणि कात्री पापुद्र्यावर बोट ठेवून “आहे,” म्हणायची. खालून उजेड, वर दोघींच्या सावल्या छतावर. कात्री मधेच म्हणायची, “आपल्या आयांनी जमीन सारवली, आपण काच सारवतोय. एवढं शिकून रांगण्यातच आलो बघ.” मग दोघींना हसू आवरायचं नाही आणि सत्तेचाळीस कुठे होतं तेच विसरायला व्हायचं. तपासून झालं की तक्त्याच्या कोपऱ्यातल्या दोन चौकोनांत दोन सह्या. ‘कापले’ खाली कात्रीची, ‘तपासले’ खाली नकाशाबाईची.

सातव्या महिन्यात संकट आलं. सगळं मांडून झालं आणि बेरजेचा भाग बसेना. थोडाथोडका नाही, चार बोटं बाहेर. चकती मोठी केली तर खर्चाचं गणित कोलमडलं असतं. साहेबांनी सगळ्यांना दोन आठवडे दिले. इंजिनिअर नळ कमी करता येतात का ते बघत बसले. नकाशाबाई मात्र नुसती कागदाकडे बघायची. बेरजेचे चार कप्पे एकाखाली एक होते, चारही अगदी सारखे. प्रत्येकाला वर एक वीज आणणारी जाड रेघ, खाली एक नेणारी. तिच्या मनात आलं, रांगेतल्या घरांना दोन घरांत एकच भिंत असते. मग ह्यांनाच का वेगवेगळी? तिने दर दुसरा कप्पा उलटा केला, डोकं खाली पाय वर. आता शेजाऱ्यांच्या जाड रेघा एकमेकींना भिडल्या आणि दोनाच्या जागी एक पुरली. चार बोटांच्या वर जागा निघाली.

साहेबांनी पाठ थोपटली. पण वर गेलेल्या अहवालात लिहिलं होतं, ‘मुख्य इंजिनिअरांनी मांडणीत सुधारणा केली.’ नकाशाबाईला वाईट वाटलं, पण ती गप्प बसली. कात्री गप्प बसणारी नव्हती. तिने एका दुपारी साहेबांच्या खोलीत जाऊन, तिथे दोन पाहुणे बसलेले असताना, विचारलं, “साहेब, कप्पे उलटे कुणी केले ते अहवालात लिहायचं राहिलं का?”

नकाशाबाईला हे कळलं तेव्हा तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

“तुला कुणी सांगितलं होतं नाक खुपसायला?”

“तुझ्याच भल्यासाठी…”

“माझं भलं मी बघीन. आता साहेबांना वाटणार मीच तुला पाठवलं.”

“वाटू दे की. खरं तर आहे ना?”

“खरं-खोटं तुझ्याकडेच ठेव.”

कात्रीने तोंड उघडलं आणि मिटलं. तिला तोंड मिटताना नकाशाबाईने पहिल्यांदाच पाहिलं. त्यानंतर तीन आठवडे दोघी समोरासमोर बसून एकमेकींशी बोलल्या नाहीत. “तक्ता.” “ठेव.” बस.

शेवटचा थर त्या तीन आठवड्यांतला. तपासायची वेळ आली. नकाशाबाई एकटीच टेबलाच्या कडेला उभी राहिली, मोजे न घालता, वर न चढता. वाचून दाखवायचं कुणाला? एका बाजूने डोळे फिरवले, पलीकडच्या कडेपर्यंत नजर नीट पोचत नव्हती हे तिला तेव्हाही कळत होतं. सही केली.

चकत्या छापून आल्या. तारा जोडल्या, दिवा लागला, सगळे भोवती जमले. साहेबांनी पहिली बेरीज दिली, दोन आणि दोन. यंत्र म्हणालं, पाच. तीन आणि एक? पाच. शून्य आणि शून्य? एक. कोणतीही बेरीज करा, एक जास्त. सूक्ष्मदर्शकाखाली दोन दिवस शोधल्यावर सापडलं. उचललेला पापुद्र्याचा केसाएवढा तुकडा परत तक्त्यावर चिकटला होता आणि त्यामुळे पहिल्या कप्प्याची हातच्याची रेघ शेजारच्या विजेच्या जाड रेघेला जोडली गेली होती. हातचा एक कायमचा आलेला. पलीकडच्या कडेला.

व्यवस्थापक खाली उतरले. तक्ता टेबलावर पसरलेला, खालून उजेड.

“हे कुणाचं काम?”

“कापलं मी,” कात्री म्हणाली.

साहेबांनी तक्त्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे दोन सह्या होत्या. मग त्यांनी नकाशाबाईकडे पाहिलं, आणि पुढच्या प्रोसेसरच्या कागदांचा गठ्ठा उगाचच सरळ केला. तपासलं कुणी, हे कुणी विचारलं नाही. नकाशाबाई पुढे आयुष्यभर स्वतःला सांगत राहिली की अजून एक क्षण मिळाला असता तर ती बोलली असती. पण क्षण भरपूर होते. व्यवस्थापक जिना चढून जाईपर्यंत ती त्यांची पावलं ऐकत होती.

कात्रीला खोकी बांधायच्या विभागात पाठवलं. आठव्या दिवशी तिने काम सोडलं. निरोप घ्यायला ती वर आली नाही.

नऊ आठवड्यांनी दुरुस्त चकत्या आल्या. दोन आणि दोन चार झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनी या खेपेला सगळ्यांदेखत नकाशाबाईचं नाव घेतलं. तिने कात्रीच्या घरचा पत्ता कारकुनाकडून मिळवला आणि सुट्टीच्या दिवशी गेली. वडिलांच्या जोड्यांच्या दुकानाच्या फळ्या लावलेल्या. शेजारीण म्हणाली, “त्यांच्या मोठ्या मुलाने सगळ्यांना नेलं हो समुद्रापार. पत्ता? तिच्या आई पाठवते म्हणाल्या होत्या.” तो कधी आला नाही. नकाशाबाई तीन-चार वेळा विचारून आली. शेवटच्या वेळी शेजारीणही बदललेली होती.

तो प्रोसेसर गणकयंत्रांत गेला, वजनकाट्यांत गेला, तिकिटं छापणाऱ्या पेट्यांत गेला. दुकानात वजनकाट्याचे आकडे उमटले की नकाशाबाईचं लक्ष भाजीवरून उडायचं. ह्याच्यात आमचे चार कप्पे आहेत, दोन सुलटे, दोन उलटे. लग्न झालं, मुलगा झाला. नवरा शाळेत शिकवायचा, शांत माणूस. त्याने एकदाच विचारलं, “कुणाची आठवण काढतेस एवढी?” “कामावरची एक होती,” ती म्हणाली. तेवढ्यावर त्याने ओळखलं आणि पुन्हा विचारलं नाही.

काम वाढत गेलं. पुढचा प्रोसेसर आठ हजार नळांचा, त्यापुढचा तीस हजारांचा. टेबल पुरेना, मग खोली पुरेना. सगळे तक्ते एकदा जमिनीवर पसरले तर दारापर्यंत पोचले आणि चहावाल्याला खिडकीतून कप द्यावे लागले. मग पडदे आले. रेघा आता पडद्यावर ओढायच्या, चुकली तर पुसायची, पापुद्रा नाही, सुरी नाही. तिने पहिल्यांदा पडद्यावर रेघ ओढली आणि तिच्या कानात आवाज आला, “म्हणजे आता सुरी फक्त कांद्याला!” तिने मान वळवली. बाजूला एक नवा इंजिनिअर जांभई देत होता.

मग एकदा काढलेला कप्पा हजार वेळा वापरायची पद्धत आली. मग कप्पे कुठे बसवायचे तेही संगणकच ठरवू लागला. माणसांनी फक्त काय हवं ते लिहायचं, आणि मागच्या पिढीचे प्रोसेसर पुढच्या पिढीचा नकाशा काढायचे. नळ लाखांत गेले, कोटींत गेले, आणि इतके लहान झाले की नकाशाबाई मुलाला सांगायची, “एका केसाच्या रुंदीत आता आमचा सगळा कारखाना बसेल.” ठेका वाढत वाढत सेकंदाला शेकडो कोटींवर गेला. हुकूम आणायला लांब जावं लागतं, तेवढ्यात यंत्र खोळंबून बसतं, म्हणून नेहमी लागणाऱ्या गोष्टी हाताशी ठेवायची छोटी कोठी प्रोसेसरच्या आतच आली. आणि मग एक दिवस ठेका वाढायचा थांबला. आणखी वाढवला तर चकती तव्यासारखी तापायची. तेव्हा लोकांनी एका चकतीवर दोन प्रोसेसर बसवले, मग चार, मग आठ. ते तिने वाचलं तेव्हा कात्री पुन्हा कानात बोलली, “एका सुनेने भागेना म्हणून चार आणल्या. आता कुठलं भांडं कुणी घ्यायचं हे ठरवायला पाचवी आणा!” आणि ते खरंही होतं. चौघांचं आपसात जमवणं हेच आता इंजिनिअरांचं मोठं दुखणं होतं.

हे सगळं सांगावं अशी एकच बाई होती आणि ती कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी फुलं दिली, चांगलं बोलले. जुनं उजेडाचं टेबल तोवर कधीच भंगारात गेलं होतं. घरी येताना बसमध्ये तिला कळलं की गेली कित्येक वर्षं ती नवीन काही शिकली की मनातल्या मनात ते कुणाला तरी समजावून सांगते आणि समोरून टोमण्याची वाट बघते.

नवरा गेला. मुलगा दुसऱ्या शहरात स्थिरावला. तिच्या सत्तराव्या वर्षानंतर कधीतरी त्याने फोनवर सांगितलं, “आई, तुझ्या कारखान्याचा जुना प्रोसेसर कुणीतरी उघडलाय.” एका दूरच्या शहरातला एक घड्याळदुरुस्तीवाला जुन्या चकत्या गोळा करायचा, वरचं कवच काढायचा, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घ्यायचा आणि इंटरनेटवर लावायचा. त्याने लिहिलं होतं, ‘ह्यात बेरजेचे कप्पे आलटून पालटून उलटे आहेत. त्या काळात ही हुशारी कुणाची? कुणाला माहीत असल्यास कळवावं.’

मुलाने फोटो मोठा छापून पाठवला. तो तिने जेवणाच्या टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि सकाळभर बघत बसली. प्रत्येक वळण ओळखीचं. काही वळणांत सुरी किंचित गोल फिरलेली दिसत होती. कात्रीला काटकोनात वळताना मनगट उचलायचा कंटाळा होता.

मग तिने उत्तर लिहिलं. तीनदा फाडून चौथ्यांदा. ‘कप्पे मी उलटे केले. पण तुम्ही जे बघताय ते माझं नाही, कापणारीचं आहे. पहिल्या छपाईत बेरीज एकाने जास्त यायची. त्याचा दोष तिच्यावर गेला. तपासणीची सही माझी होती. मी न तपासता केली होती आणि काम कुणाचं असं विचारलं तेव्हा गप्प बसले.’ खाली तिने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि कात्रीचंही. घड्याळवाल्याने विचारलं, “हे सगळंच लावू?” ती म्हणाली, “सगळंच लावा. त्यासाठीच लिहिलंय.”

दोन महिने काही झालं नाही. ती रोज मुलाला विचारायची, तो रोज “अजून नाही आई,” म्हणायचा. मग एका सकाळी एका बाईचा फोन आला. बोलणं अडखळत, प्रत्येक शब्द शोधून.

“मी… तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांची मुलगी.”

नकाशाबाई खुर्चीवर बसली. “कशी आहे ती?”

“आईला जाऊन तीन वर्षं झाली, मावशी.”

शरद सरता सरता ती मुलगी भेटायला आली. मुलगी कसली, पन्नाशीची बाई, केस पांढरे होऊ लागलेले. तिने दारातच सांगितलं की आई तिथे जोड्यांच्या कारखान्यात कापायचं काम करायची, चाळीस वर्षं. त्याआधी काय करायची ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. नकाशाबाईने फोटो पसरला आणि साहेबांनी सांगितलं होतं तिथून सुरुवात केली: हा नळ, ही तोटी, ही दुसऱ्या पाइपातली वीज. मुलीला अर्धंच कळत होतं, पण ती बोटाने रेघांवरून जात राहिली.

“हे सगळं आईने कापलं?”

“प्रत्येक रेघ.”

“मावशी, तुम्ही लिहिलंय की ती फार बोलायची. हसवायची.” तिने मान खाली घातली. “आम्हाला ती तशी माहीतच नाही. तिथली भाषा तिला कधी आली नाही. कारखान्यात ती गप्प असायची, मग हळूहळू घरातही गप्प झाली.”

नकाशाबाईला एकच विचारायचं होतं. पन्नास वर्षं विचारायचं होतं. “माझ्याबद्दल कधी काही बोलली?”

मुलीने खोटं सांगावं की नाही याचा विचार केला, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. “नाही मावशी.”

“बरं,” नकाशाबाई म्हणाली. आणि थोड्या वेळाने पुन्हा, “बरं.”

मुलगी तीन दिवस राहिली. त्या तीन दिवसांत नकाशाबाई बोलत होती. मोजे घालून रांगणं, काच सारवणं, खिडकीतून दिलेला चहा, सुना आणि भांडी. कात्रीने न बोललेले टोमणेसुद्धा तिने सांगितले, आणि हे मनातले आहेत हेही सांगितलं. मुलगी हसता हसता रडायची. शेवटच्या सकाळी बॅग भरून झाल्यावर तिने फोन काढला. “आईचा आवाज आहे माझ्याकडे. एकच. ऐकायचाय?”

आवाज म्हाताऱ्या बाईचा होता, हळू, दमलेला. किल्ली शेजारी ठेवलीय. दूध तापवलंय. येताना साबण आण, नाहीतर राहू दे. नकाशाबाई कान लावून ऐकत होती आणि तिला तो ओळखीचा वाटत नव्हता. ही कुणीतरी दुसरीच बाई होती. निरोप संपला. पण फोन बंद करायचा राहिला असावा, कारण खुडबुड ऐकू येत होती, आणि मग स्वतःशीच, भरभर, एका दमात, “अगं बाई, हे मेलं बंद कुठून होतं, ह्याला ना कान ना शेपूट, धरायचं तरी कुठे?” आणि पाठोपाठ हसू.

नकाशाबाईने टेबलाची कड घट्ट धरली.

“पुन्हा लाव गं,” ती म्हणाली. “सुरुवातीचं नको. शेवटचं तेवढं लाव.”